कार्डिनल आल्फोन्स स्टिकलर : ग्रंथरक्षक व परंपरावादी

रोमन कॅथलिक धर्मसंस्थेच्या विसाव्या शतकांतील इतिहासांत परंपरावादी म्हणून गाजलेले कार्डिनल पुष्कळ झाले. त्यांपैकीं आल्फोन्स मारिया स्टिकलर ह्यांचें चरित्र आमच्या वाचकांस विशेष जवळचें वाटावें. कारण हे गृहस्थ मूळचे हस्तलिखितांचे शोधक. आपल्या पक्षाच्या समर्थनार्थ ते प्रवचन न करितां पोथी उघडीत. ह्या पद्धतीचें बळ कोठें होतें व ती कोठें लंगडी पडली, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टिकलर ह्यांचा जन्म ता. २३ ऑगस्ट १९१० रोजीं ऑस्ट्रियांतील नॉइनकिर्खेन येथें झाला. सालेशियन संघांत शिरून १९३७ त त्यांनीं धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. पुढें ते त्या संघाच्या रोममधील विद्यापीठांत धर्मसंस्थेच्या कायद्याचा इतिहास शिकवीत, व १९५८ ते १९६६ पर्यंत तेथील रेक्टर होते. १९७१ त व्हॅटिकन ग्रंथालय त्यांच्या हातीं आलें. १९८५ त पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांस कार्डिनल केलें, व ग्रंथालय आणि दप्तरखाना ह्या दोहोंचा अधिकार १९८८ पर्यंत त्यांजकडे राहिला.

त्यांची खरी विद्वत्ता मात्र अधिकारपदापूर्वींची. सुमारें ११४० त ग्रेशियननें धर्मनिर्णयांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यावरील पहिल्या भाष्यकारांच्या टीकांचा मोठा भाग कधीं छापलाच गेला नव्हता. एकाच पानाच्या समासांत तीनचार हातांच्या टिपा, आणि कर्त्याची ओळख एकदोन अक्षरांच्या खुणेवरून! आलानुस, लॉरेन्शियस इत्यादि भाष्यकारांचीं मतें अशा पानांतून निवडून काढण्यांत स्टिकलर ह्यांनीं वर्षें घालविलीं. १९५३ त फोर्किएल्ली ह्यांच्यासह त्यांनीं ह्या विषयाची 'स्टुडिया ग्रेशियाना' ही ग्रंथमालाही सुरू केली. ज्यांनीं मोडी रुमाल सोडविले आहेत त्यांस ह्या श्रमांची किंमत सांगावयास नको.

१९७२ त ब्रायन टियर्नी ह्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, धर्मविषयक अंतिम निर्णयांत पोप चुकूं शकत नाहींत हा सिद्धांत जुन्या भाष्यकारांस ठाऊकच नव्हता. तो तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्कन वादांतून निघाला. स्टिकलर ह्यांनीं १९७४ त त्यास उत्तर दिलें. टियर्नींचें प्रत्युत्तर पुढील वर्षीं आलें. आमच्या मतें येथें टियर्नींची बाजू सरस आहे. श्रद्धेपासून ढळलेल्या पोपाचा न्याय होऊं शकतो, असें वचन खुद्द ग्रेशियनच्या संग्रहांत आहे, व भाष्यकारांनीं त्यावर मोकळेपणानें चर्चा केली आहे.

धर्मोपदेशकांच्या ब्रह्मचर्यावरील १९९३ चें त्यांचें लहानसें पुस्तक अधिक भक्कम आहे. इ. स. ३९० च्या कार्थेज परिषदेनें बिशप, धर्मोपदेशक व डीकन ह्यांस पत्नीपासून संयम विहित केला. ६९१ त कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या ट्रुलो परिषदेनें आधारास तेंच वचन घेतलें, पण खालच्या दोन पदांपुरता तो संयम केवळ सेवेच्या काळाचा ठरविला. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून हा फेरफार स्टिकलर ह्यांनीं दाखविला. परंतु म्हणून हा नियम थेट प्रेषितांपासून आला, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष पाठांच्या तुलनेवरून निघत नाहीं.

आतां शेवटचा मुद्दा. १९७० च्या नव्या उपासनाविधीनें जुना लॅटिन विधि कायद्यानें रद्द झाला काय, हा प्रश्न पोपांनीं १९८६ त नऊ कार्डिनलांस विचारला, व आठांनीं 'नाहीं' असें उत्तर दिलें, असें स्टिकलर ह्यांनीं १९९५ त अमेरिकेंतील एका सभेंत सांगितलें. स्वतः ते त्या नवांपैकीं एक. तेव्हां साक्ष प्रत्यक्षदर्शीची खरी. पण एकेका टिपेचा हात ओळखल्याविना न बोलणाऱ्या ह्या पंडितानें येथें मूळ कागद पुढें ठेविला नाहीं, व त्यांच्या अनुयायांनीं तें वाक्य दस्तऐवजासारखें वापरलें. अस्सल पत्र व बखर ह्यांतील भेद आपल्याकडे ज्या काटेकोरपणें पाळतात, त्यानुसार हें कथन आम्हीं दुसऱ्या वर्गांत घालूं.

ता. ७ जुलै २००७ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं जुना विधि कधींच रद्द झाला नव्हता असें जाहीर केलें. त्या आज्ञापत्रांत १९८४ व १९८८ च्या आज्ञांचा निर्देश आहे. नऊ कार्डिनलांचा नाहीं. स्टिकलर त्याच वर्षीं ता. १२ डिसेंबरला सत्याण्णवाव्या वर्षीं वारले. बेनेडिक्ट ह्यांनीं दिलेली मोकळीक पोप फ्रान्सिस ह्यांनीं जुलै २०२१ त बरीच आवळली.