नाशिकचे दोन काठ : गोदाघाट आणि गंगापूरचा जलाशय

कोल्हापूरचा रंकाळा किंवा ठाण्याचा मासुंदा याप्रमाणे नगरजीवनाचे केंद्र ठरेल असा जुना तलाव नाशिकला नाही. ते कार्य येथे गोदावरीच्या घाटांनी केले. १६९६ मध्ये बांधलेले रामकुंड हे स्नानाचे तीर्थ खरे. परंतु तीर्थ आणि विहार यांत नाशिककरांनी कधी भेद मानला नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला गोदाकाठच्या पटांगणात, उघड्या आकाशाखाली भरत आली, हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१९६५ मध्ये गंगापूरचे मातीचे धरण पूर्ण झाले आणि शहराच्या पश्चिमेस विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. पुढे तेथे नौकाविहाराचीही सोय झाली. वरकरणी पाहता शहराला दुसरा काठ लाभला. परंतु घाटावर पायी जाता येते. जलाशयापर्यंत वाहन लागते. शिवाय तेथील पाण्यावर पहिला हक्क शेतीचा व शहराच्या नळांचा. विहाराचा क्रम त्यानंतरचा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे दोन काठ परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. २०१५ च्या सिंहस्थात स्नानासाठी गंगापूरचे पाणी सोडण्यात आले, तेव्हा तो वाद उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०१६ मध्ये तर रामकुंड कोरडे पडले. घाटावरचे उन्हाळ्यातील पाणी हा आता केवळ निसर्गाचा नव्हे, तर वाटपाचाही विषय झाला आहे. म्हणून नाशिकच्या जलविहाराचा इतिहास लिहिताना उद्यानांची व नौकांची गणना पुरेशी नाही. कोणत्या काठाला पाणी मिळाले आणि ते कोणाच्या निर्णयाने, हे तपासणे अगत्याचे आहे.