क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहातील कॉर्टिकोस्टेरॉइड उपचार
क्षयरोगाचे जंतू मेंदूभोवतीच्या आवरणांत पोहोचल्यास क्षयजन्य मस्तिष्कावरणदाह होतो. यातील बरीचशी हानी शरीराच्या स्वतःच्या दाहप्रतिक्रियेमुळे होते : सूज येते, कवटीतील दाब वाढतो व रक्तवाहिन्या अरुंद होतात. म्हणून क्षयरोधक औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन देतात आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करीत ते ६ ते ८ आठवड्यांत थांबवितात. व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या चाचणीत (२००४) डेक्सामेथासोन दिलेल्या गटात सुमारे ३२ टक्के, तर न दिलेल्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्ण दगावले. गंभीर अपंगत्व मात्र कमी झालेले आढळले नाही. कॉर्टिकोस्टेरॉइडे जंतूंना मारत नाहीत, उलट प्रतिकारशक्ती दडपतात. त्यामुळे क्षयरोधक औषधांविना ती दिल्यास रोग बळावू शकतो. फुफ्फुसांच्या क्षयरोगात ती सरसकट दिली जात नाहीत.