सण, फेस्त आणि पंगत

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचा सण जवळ आला, तेव्हा निमंत्रणपत्रिकेचा मसुदा आम्ही स्वतःच लिहिला. सेमिनरीत शुद्ध मराठीचे संस्कार झालेले. तेव्हा 'फेस्त' हा शब्द गाळून त्या जागी आम्ही 'वार्षिक महोत्सव' असे घातले. पत्रिका घरोघरी गेल्या. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर एक वृद्ध माउली सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली व म्हणाली, "फादर, यंदा फेस्त नाही का?" आम्ही हसून वेळ मारून नेली, परंतु प्रश्न मनातून गेला नाही.

आपण ज्या शब्दांनी सण साजरे करतो, ते शब्द आले कोठून? 'साजरा' याचाच अर्थ मुळात सुंदर. दुरून डोंगर साजरे, तसा एक दिवस सुंदर करावयाचा. आणि 'सण' हा संस्कृतातील 'क्षण'. संस्कृतात क्षण म्हणजे काळाचा अल्प अंश, तसाच उत्सवही. प्राकृतात त्याचा 'छण' झाला आणि मराठीत सण. म्हणजे आमच्या भाषेने सणाला नाव दिले ते वेळेवरून, ताटावरून नव्हे.

पवित्र शास्त्रातही हेच आढळते, याचे आम्हांला नवल वाटते. लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात परमेश्वराच्या सणांची यादी आहे. तेथील हिब्रू शब्द 'मोएद', म्हणजे नेमलेली वेळ. यादीत पहिला कोण? शब्बाथ. दर आठवड्याला येणारा, दाम न मागणारा, केवळ कामातून हात सोडवणारा दिवस. त्याच यादीत प्रायश्चित्ताचा दिवस आहे आणि त्या दिवशी तर उपवास! उपवासाचा दिवसही सणांतच मोजला आहे, हे ऋण काढून सण करणाऱ्या आम्हां लोकांनी सावकाश वाचावे असे आहे.

दुसरा हिब्रू शब्द 'हग'. वर्षातून तीन वेळा इस्राएलच्या पुरुषांनी परमेश्वरासमोर यावे, असा नेम होता. त्या यात्रेच्या सणांना हा शब्द लागतो. अरबीतील 'हज' त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे 'यात्रा' या शब्दाची जत्रा झाली, तिच्याशी याचे नाते जुळते. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरातील उत्सवाला लोक जत्रा म्हणतात, ते काही भाषेचे अज्ञान नव्हे. चालत येणे, मेणबत्ती लावणे आणि परतताना मुलांसाठी खाऊ घेणे हे सारे त्या एका शब्दात मावते.

खाण्यापिण्याचा म्हणून जो हिब्रू शब्द आहे, तो 'मिश्ते'. 'पिणे' या धातूवरून आलेला, आणि सर्वांत अधिक वेळा येतो तो एस्तेरच्या पुस्तकात. तेथे अहश्वेरोश राजा 180 दिवस आपले वैभव दाखवीत बसतो. मराठीत आपण याला मेजवानी म्हणतो. शब्द फारसी, 'मेजबान' म्हणजे यजमान. आणि यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा! पाहुण्याला जेवू घालणारा आणि बलिदान अर्पिणारा यांना मराठीने एकच नाव दिले, हे एखाद्या धर्मोपदेशकालाही सुचले नसते.

आता आमच्या 'फेस्त'विषयी. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. राज्य गेले, शब्द राहिले. त्यांपैकी 'नाताळ' साऱ्या महाराष्ट्राने उचलला. कॅलेंडरवर तो सर्वांचा आहे. 'फेस्त' मात्र आपल्या अंगणातच राहिला. पोर्तुगीज 'फेस्ता' हा लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये सुट्टीच्या सणाला आणखी एक शब्द होता, 'फेरिया'. त्याचे नशीब मोठे विचित्र. चर्चच्या पंचांगात फेरिया म्हणजे ज्या दिवशी कोणताच सण नाही असा साधा वार! पोर्तुगीज भाषेत सोमवार 'दुसरी फेरिया' म्हणून ओळखला जातो आणि 'फैरा' म्हणजे बाजारही. ज्या शब्दाने सण बोलावला, तोच पुढे कामाच्या दिवसाला आणि बाजाराला चिकटला. शब्दांचा भरवसा धरू नये तो असा.

तरीही मराठीतला एक शब्द आम्ही हातचा सोडणार नाही. तो म्हणजे पंगत. संस्कृत 'पंक्ति', म्हणजे रांग. रांगेत बसले की ताट सारखे, वाढप सारखे. आणि जेथे तसे होत नाही, त्या अन्यायालाही मराठीने नाव देऊन ठेवले आहे: पंक्तिप्रपंच. इ.स. 55 च्या सुमारास संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढून पाहा. प्रभुभोजनासाठी जमलेले कोणी आधीच जेवून घेतात, मद्याने झिंगतात, आणि ज्यांच्या घरी काही नाही ते उपाशी राहतात, म्हणून पौल संतापला आहे. तो मराठी असता, तर हाच शब्द त्याच्या लेखणीतून उतरला असता.

हे लिहिताना आमचे आम्हांलाच ओशाळवाणे वाटते. त्या 'महोत्सवा'त देणगीदारांसाठी चर्चमागे वेगळा मंडप होता, पासांवर प्रवेश होता आणि त्या पासांवर सही आमची होती. इतरांना मैदानात बंद डबे वाटले. ती माउली आपला डबा पदराखाली घेऊन घरी गेली, हे आम्ही मंडपातून पाहिले.

पुढच्या वर्षी पत्रिकेवर 'फेस्त' छापले आणि मंडप एकच घातला. समितीतील काहींनी देणगीदार दुखावतील असे बजावले. दोघे दुखावलेही आणि आले नाहीत. बाकी सारे रांगेत बसले. आम्ही भाताचे पातेले घेऊन वाढत होतो. ती माउली तिसऱ्या रांगेत होती. आम्ही जवळ जाताच तिने वर पाहिले आणि म्हणाली, "फादर, रश्शात मीठ कमी पडलंय."