वनच्छाया आणि भांग

भांगेची झाडे अरण्यात आढळतात. म्हणून ही वनस्पती अरण्याचीच, असे अनुमान सहज केले जाते. ते ग्राह्य आहे काय, हा येथील प्रश्न. प्रस्तुत विवेचनात ‘वन्य’ म्हणजे मनुष्याने न पेरता वाढणारी आणि ‘आरण्यक’ म्हणजे वृक्षवितानाच्या छायेत पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी, असा अर्थ घेतला आहे. वन्य असलेली वनस्पती आरण्यक असेलच असे नाही.

भांग वर्षायू, विभक्तलिंगी व वायुपरागित आहे. पाने हस्ताकृती संयुक्त; पर्णिकांची संख्या बहुधा विषम. नर झाड अधिक उंच वाढते, आधी फुलते आणि पराग सांडल्यावर वाळते. मादी झाड बीज पक्व होईपर्यंत जगते. तिच्या पुष्पांभोवतीच्या छदांवर राळयुक्त प्रपिंडी केश दाट असतात. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीस ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. लामार्कने १७८५ मध्ये भारतीय नमुन्यांवरून ‘इंडिका’ ही निराळी जाती मानली. स्मॉल व क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये दोहोंना एकाच जातीच्या उपजाती ठरवले. हा वाद येथे गौण आहे.

मुख्य विषय छाया. छायेचा विचार तीन अंगांनी करावा लागतो: प्रकाशाचे परिमाण, त्याचा गुण आणि त्याचा कालावधी. ही तीन अंगे एकत्र केल्यानेच बहुतेक गोंधळ होतो.

परिमाणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दाट वितानाखाली भूमीपर्यंत मोकळ्या आकाशातील प्रकाशाचा शंभरात एखाद-दुसरा भागच पोहोचतो. प्रखर उन्हात वेगाने देह उभारणाऱ्या वर्षायूला तो अपुरा पडतो.

गुणाचे अंग अधिक सूक्ष्म आहे. पर्णे तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडील दूररक्त प्रकाश पुढे जाऊ देतात. त्यामुळे मोकळ्यावर साधारण १.२ असलेले तांबड्याचे दूररक्ताशी गुणोत्तर दाट छायेत ०.१ पर्यंत उतरू शकते. फायटोक्रोम हे रंजकद्रव्य हा फरक ओळखते आणि झाड खोड लांबवते, फांद्या रोखते. तंतूसाठी भांग दाट पेरतात ती याच प्रतिक्रियेच्या बळावर. अंबाडीचे पीकही त्यासाठीच दाट ठेवतात. परंतु ही प्रतिक्रिया समान उंचीच्या शेजाऱ्यावर मात करण्यासाठी आहे. उत्तुंग देवदाराखाली ती केवळ संचयाचा व्यय ठरते: खोड बारीक होते, लवते, आणि प्रकाश मिळत नाही तो नाहीच.

तिसरे अंग कालावधीचे. भांग सामान्यतः लघुदिन वनस्पती आहे, म्हणजे रात्री लांबल्यावर ती फुलते. दिवसाच्या लांबीचा हा परिणाम टुर्न्वा या फ्रेंच संशोधकाने १९१२ च्या सुमारास भांग व हॉप यांवरच्या प्रयोगांतून पाहिला. गार्नर व ॲलार्ड यांचा सुप्रसिद्ध निबंध त्यानंतरचा, १९२० चा. दिवस-रात्रीचा भेद जाणण्यास फार मंद प्रकाश पुरतो. म्हणून छायेत प्रकाश घटला तरी पुष्पकाल त्या प्रमाणात पुढे ढकलला जात नाही. झाड लहान, संचय तुटपुंजा, आणि फुलण्याची वेळ मात्र आलेली! परिणामी पुष्पे थोडी व बीज थोडे. त्यातच वितानाखाली वारा मंद असल्याने वायुपरागणही क्षीण होते.

यावरून हिमालयातील स्थिती उलगडते. तेथे भांग गोठ्याच्या कडेला, पायवाटेवर, दरड कोसळलेल्या उतारावर माजते. पुष्कळदा सोबत बिच्छू घास ही दंशकारी केसांची वनस्पती असते. दोघींनाही नत्रयुक्त, ढवळलेली माती मानवते. जनुकसंचांच्या तुलनेवर आधारलेल्या २०२१ च्या एका अभ्यासाने तर मूळची शुद्ध वन्य भांग बहुधा नष्ट झाली असावी, असा निष्कर्ष काढला आहे. तो स्वीकारल्यास आजची ‘वन्य’ झाडे शेतातून सुटलेल्या वाणांचे वंशज ठरतात. आपल्याकडचा दाखलाही भांगेच्या मोकळ्या जागेच्या या ओढीला विरोधी नाही: एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गांजाचे पीक घेतले जाई ते अहमदनगरसारख्या कोरड्या, उघड्या मुलखात, सह्याद्रीच्या दाट रानात नव्हे.

अरण्यात भांग दिसते ती बहुधा अरण्य तुटले तेथे. वितान पुन्हा मिटू लागले की छायेचे तिन्ही परिणाम तेथे लागू होतात, बीजाची भरपाई होत नाही आणि काही ऋतूंत झाडे नाहीशी होतात; गुरांचा वावर चालू असलेल्या मोकळ्या कडेवर मात्र ती टिकून राहतात.