क्युरी, मारिया ग्राझिया

(२ फेब्रुवारी १९६४– ). इटालियन वेशभूषाकार. दिओर या फ्रेंच फॅशनगृहाच्या स्त्री-पोशाख विभागाच्या पहिल्या महिला सर्जनशील दिग्दर्शक. जन्म रोममध्ये, आईचा शिवणकामाचा व्यवसाय. १९८९ मध्ये फेंदी या फॅशनगृहात प्रवेश. १९९९ पासून पिएरपाओलो पिच्चोली यांच्यासह वालेंतिनो या फॅशनगृहात; २००८–१६ या काळात दोघे तेथे संयुक्त सर्जनशील दिग्दर्शक.

जुलै २०१६ मध्ये त्या दिओरमध्ये आल्या. चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या स्त्रीवादी निबंधाचे शीर्षक छापलेला टी-शर्ट त्यांच्या पहिल्याच सादरीकरणात गाजला. वस्त्रकलेच्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखे थोडेच. क्युरी यांचे खरे महत्त्व भरतकामात आहे.

मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकामगृहाशी आणि त्याच्या संचालिका करिश्मा स्वाली यांच्याशी क्युरी यांचा परिचय दिओरपूर्वीचा. तेथे चालणाऱ्या आरीकामात, म्हणजे आकड्याच्या सुईने करायच्या भरतकामात, कापड अड्डा या लाकडी चौकटीवर ताणतात. कारागीर भोवती बसतात. एक हात कापडाखाली धागा धरतो, दुसरा वरून आरी टोचतो आणि तिच्या आकड्यात अडकलेला धागा वर येऊन साखळीटाका पडतो. हे काम परंपरेने पुरुषांचे. चाणक्यच्या शिक्षणसंस्थेत स्त्रियांनाही ते शिकवतात. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयातील सादरीकरणासाठी कलावती जूडी शिकागो यांच्या संकल्पनेतील पताका या संस्थेच्या विद्यार्थिनींनी भरल्या. पुढे एव्हा जोस्पँ (२०२१) आणि माधवी व मनू पारेख (२०२२) यांच्या कलाकृतींवर आधारित भित्तिपटही चाणक्यमध्येच तयार झाले.

३० मार्च २०२३ रोजी दिओरचे सादरीकरण मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर झाले. पार्श्वभूमीला भरतकामाचे भव्य तोरण होते. आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण दारोदारी पाहणाऱ्यांना त्याचा आकारच थक्क करणारा होता. पाश्चात्त्य फॅशनगृहे भारतात भरतकाम करून घेत, पण त्याची वाच्यता सहसा करीत नसत. क्युरी यांनी ते उघडपणे सांगितले, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

दिओरच्या काही वस्त्रांचे रुमानियातील बिहोर प्रांताच्या व चीनच्या पारंपरिक पोशाखांशी असलेले साम्य आक्षेपार्ह ठरवले गेले. त्याबाबत मतभेद आहेत.

मे २०२५ मध्ये त्यांनी दिओर सोडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये फेंदीच्या मुख्य सर्जनशील अधिकारी म्हणून त्यांची नियुक्ती जाहीर झाली.

सन्मान : लेजियाँ दॉनर (फ्रान्स, २०१९).