गोवराची ओळख

गोवर एकदां येऊन गेला म्हणजे पुन्हां येत नाहीं, हें घरोघरच्या आजीबाईंस ठाऊक असतें. या समजुतीस शास्त्राचा आधार मिळाला तो उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर. १८४६ सालीं तेथें गोवराची सांथ उसळली व पावणेआठ हजार वस्तीपैकीं सुमारें सहा हजार लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारनें पीटर पानुम या तरुण वैद्यास चौकशीसाठीं धाडलें. यापूर्वी बेटांवर गोवर आला होता तो १७८१ सालीं. त्या वेळीं तो भोगलेले जे वृद्ध हयात होते, त्यांपैकीं एकासही पुन्हां गोवर झाल्याचें पानुमला आढळलें नाहीं. पासष्ट वर्षांनंतरही शरीर आपला शत्रु विसरलें नव्हतें.

ही ओळख रोगावांचून करून देतां येईल काय? १९५४ सालीं बोस्टन येथें जॉन एंडर्स व थॉमस पीबल्स यांनीं एका आजारी विद्यार्थ्याच्या रक्तांतून गोवराचा विषाणु वेगळा काढला. पुढें तो पेशींमध्यें पुनःपुन्हां वाढवून दुर्बळ करण्यांत आला, आणि १९६३ सालीं अमेरिकेंत जिवंत लशीस परवानगी मिळाली. त्याच वर्षीं मृत विषाणूंची लसही निघाली. परंतु तिचें संरक्षण लवकर ओसरे व पुढें गोवराशीं गांठ पडतांच कांहीं मुलांस विलक्षण तीव्र आजार होई. १९६७ सालीं ती बंद झाली.

मग जिवंत लस जन्मतांच कां देत नाहींत? मातेच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें गर्भावस्थेंतच बालकाकडे उतरतात व कांहीं महिने त्याचें रक्षण करतात. मात्र तींच प्रतिद्रव्यें लशींतील विषाणूसही नष्ट करतात आणि बालकाच्या स्वतःच्या पेशींना तो ओळखण्याची संधि मिळत नाहीं. घाई करावी तर लस वायां जाते. उशीर करावा तर रोग गांठतो. भारताच्या लसीकरण कार्यक्रमांत १९८५ पासून नववा महिना ठरला तो या दोहोंचा मेळ घालून. या वयांत शंभरांपैकीं सुमारें पंचाऐशीं बालकांत संरक्षण निर्माण होतें. वर्षानंतर दिल्यास सुमारें पंचाण्णवांत. उरलेल्यांसाठीं २०१० पासून दुसरी मात्रा सुरू झाली. ती सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात.

तरीही मातेची देणगी संपल्यापासून लस लागू पडेपर्यंत कांहीं काळ बालक निराधारच असतें. त्या काळांत त्याचें रक्षण करतात तीं शेजारपाजारचीं लस घेतलेलीं मुलें.