दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

बीड जिल्ह्यातल्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. 1972 साली खडी फोडून मिलोची भाकर खाल्लेली माणसं अजून तुमच्या गावच्या पारावर भेटतील. त्यांना विचारा. आधी कणगीतले दाणे सरतात, मग उद्याचा भरवसा सरतो. हा सरलेला भरवसा एका मराठी बाईला पुन्हा कुठं सापडला, आणि तिनं त्याचं काय केलं, ते आज सांगायचं आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. तीर्थोतीर्थी पुराण सांगावं आणि मिळेल त्यावर राहावं, असा त्यांचा संसार. मद्रास इलाख्यात दुष्काळानं त्यांना गाठलं. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज वाटते. अशा स्थितीत 1874 साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. उरलेली दोघं भावंडं चालत चालत पार पंजाबात गेली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, अंगावर पांघरूण नाही. तेव्हा वाळूत खड्डे खणून त्यांत शिरायचं आणि वरून वाळू ओढून घ्यायची, असं करून त्यांनी रात्र काढली. पुढं 1880 साली भाऊ वारला, 1882 साली पती. कडेवर लहानगी मनोरमा.

1883 साली त्या विलायतेस गेल्या आणि तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहॅमला वाट चुकलेल्या बायकांना सांभाळणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा बायकांवर एवढी माया कशी, या प्रश्नाला त्यांना शमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. गोष्ट विहिरीवरची आहे. जिला गाव नाव ठेवतं, तिच्यापाशी येशू पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीनं बोलतो. पाणी कुणाच्या हातचं घ्यायचं, याचा हिशेब आपल्याकडं किती मोठा होता ते तुम्ही जाणता. रमाबाईंच्या मनात ती गोष्ट खोल गेली.

या धर्मांतरावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. त्यांच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडं ओढल्या जातात म्हणून 'केसरी'नं टीका केली. 1893 साली रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही दूर झाले. भुकेल्याला अन्नाबरोबर धर्म द्यावा काय, हा प्रश्न मला गैर वाटत नाही. पण ते भुकेलं पोर रस्त्यावरून उचललं कुणी, हेही त्याच दमात विचारलं पाहिजे.

कारण 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपलेच दिवस आठवले. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर ठेवलं. (हे केडगाव दौंडजवळचं, नगरचं नव्हे.) तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. एवढी तोंडं नुसत्या प्रार्थनेवर पोसत नाहीत. रमाबाईंची प्रार्थनेवर अढळ श्रद्धा होती, पण त्यांनी विहिरीही खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. आंधळ्या मुलींसाठी निराळी सोय केली.

आणि याच धबडग्यात त्या हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. पंडितांची भाषा येत असूनही त्यांना ते खेड्यातल्या बाईला कळेल असं हवं होतं. 1921 साली मनोरमा गेली. कामाची वारस म्हणून जिच्याकडं पाहिलं, ती एकुलती एक लेक. रमाबाई पुन्हा कागदांपाशी बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचा देह पडला. त्यांचं संपूर्ण बायबल बाहेर आलं ते 1924 साली, केडगावच्याच छापखान्यातून. तिथले खिळे जुळवायला सदनातल्या बायका शिकल्या होत्या.